पीएचडीसाठी डेन्मार्क: इंदूरहून निघण्यापूर्वी

एम.टेक. झाल्यावर, व्होल्टेजने गुणधर्म बदलणाऱ्या मेटामटेरियलवर (तरंगलांबीहून लहान घटकांची पुनरावृत्ती करून लहरींना हवे तसे वळवणाऱ्या कृत्रिम रचनेवर) पीएचडी करण्यासाठी डेन्मार्कला यायचा तुमचा विचार आहे आणि संगणकीय डिझाइनवरच भर दिला तर चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते चालणार नाही; निदान एक नमुना स्वतः मोजल्याशिवाय निघू नये.

राजवाड्याजवळचे घर सोडून मी येथे आलो, तेव्हा मीही सिम्युलेशनवरच विसंबून होतो. १० गिगाहर्ट्झसाठीची माझी पहिली रचना साध्या एफआर-४ बोर्डावर (नेहमीच्या फायबरग्लास सर्किट बोर्डावर) करून मोजली, तर रेझोनन्स, म्हणजे रचना सर्वाधिक प्रतिसाद देते ती वारंवारता, भलतीकडेच सरकलेला निघाला, कारण मी ४.४ गृहीत धरलेला बोर्डाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याचे माप) प्रत्यक्षात बोर्डागणिक आणि वारंवारतेगणिक बदलतो. व्होल्टेजने कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) एक चतुर्थांश केला की रेझोनन्सची वारंवारता दुप्पट होते हे सूत्र खरे आहे, परंतु रचनेचा स्वतःचा स्थिर कपॅसिटन्स तेवढा पल्ला मिळू देत नाही. शिवाय व्होल्टेजनुसार कपॅसिटन्स बदलणाऱ्या व्हॅरॅक्टर डायोडच्या रोधाचा मी विचारच केला नव्हता, आणि रेझोनन्सपाशी प्रवाह वाढत असल्याने ऊर्जाही तेथेच वाया जाते.

१० गिगाहर्ट्झला तरंगलांबी ३ सेंटिमीटर असते, म्हणून मेटामटेरियलचे घटक असलेल्या काही मिलिमीटरच्या धातूच्या कड्या इंदूरमध्येही बोर्डावर करून घेता येतात. नमुन्यातून किती लहर पार जाते आणि किती परत येते हे मोजणाऱ्या नेटवर्क अ‍ॅनालायझरसाठी मात्र कॉलेजच्या मायक्रोवेव्ह प्रयोगशाळेची मनधरणी करावी लागेल. (जगदीशचंद्र बोस यांनी १८९८ मध्ये पीळ दिलेल्या तागाने विद्युतचुंबकीय लहरींचे ध्रुवण (कंपनाची दिशा) फिरवून दाखवले होते, त्यामानाने आपली सोय पुष्कळच आहे.)

संगणकीय बाजूसाठी डेन्मार्कमधील संशोधक ओले सिगमुंड यांचा, दिलेल्या जागेत साहित्य कोठे ठेवावे हे ठरवणारा २००१ चा ९९ ओळींचा मॅटलॅब प्रोग्रॅम, तो यांत्रिक रचनांसाठी असला तरी, ओळीओळीने वाचा आणि मग अ‍ॅडजॉइंट पद्धतीकडे वळा. रचनेत १०,००० बदलते घटक असले तरी एका उद्दिष्टाचा ग्रेडियंट (प्रत्येक घटक जरा बदलल्यास उद्दिष्ट किती बदलेल ते) या पद्धतीने दोनच सिम्युलेशनांत मिळतो, तर एकेक घटक हलवून पाहिल्यास १०,००० हून अधिक लागतात. व्होल्टेजची प्रत्येक अवस्था मात्र वेगळे उद्दिष्ट ठरते. सर्व अवस्थांचे ऑप्टिमायझेशन एकत्र केले नाही, तर एका व्होल्टेजला उत्तम आणि दुसऱ्याला निरुपयोगी अशी रचना हाती येते.

येथील पीएचडी ही साधारणतः पगारी नोकरी असते, पण मुदत तीनच वर्षांची आणि त्यातले सुमारे अर्धे वर्ष अभ्यासक्रमांत जाते, त्यामुळे मोजमाप येथे येऊन शिकू म्हणाल तर वेळ पुरणार नाही. मुलाखतीत मार्गदर्शकांना, तुम्ही आखलेले नमुने कोण तयार करणार आणि कोण मोजणार, हे अवश्य विचारा. त्याचे नेमके उत्तर मिळाले नाही तर दुसरी जाहिरात पाहा.