"बोलून पाणी उतरतंय व्हय?"

"मॅडम, नुसतं बोलून काय हुतंय? बोलून पुराचं पाणी उतरतंय व्हय?"

खुर्चीच्या कडेवर बसून दादांनी पहिल्या भेटीत हे विचारलं. वय ५३, कोल्हापुरात पंचगंगेकडच्या सखल गल्लीत पिठाची गिरण. मुलीनं जवळजवळ ओढून आणलं होतं. मी समुपदेशक. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं हाच प्रश्न आपापल्या शब्दांत विचारतात. म्हणून त्यांची गोष्ट सांगते, त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून.

पावसाळा तोंडावर आला की त्यांची झोप उडायची. रात्री तीनला जाग, हातात मोबाईल, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की छाती धडधडायची, हात गार पडायचे. धडधडीचं ऐकून मी त्यांना आधी फिजिशियनकडे पाठवलं. कार्डिओग्राम नीट आला, मग आमचं काम सुरू झालं. मनाचं म्हणून आलेलं दुखणं कधी शरीराचंही असतं, ही तपासणी मी टाळत नाही.

पहिल्याच दिवशी आणखी एक सरळ विचारलं. जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का? असं विचारलं तर नको ते डोक्यात भरेल, अशी घरच्यांना भीती वाटते. तसं होत नाही. उलट विचारल्यावर बऱ्याच जणांना सुटल्यासारखं वाटतं. दादा म्हणाले, "मरावं वाटत न्हाई. पण सकाळी उठावं बी वाटत न्हाई."

दोन भेटी ते फक्त गिरणीबद्दल बोलले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गिरण बुडाली, २०२१ च्या जुलैत पुन्हा. गिऱ्हाइकांचे नावं घातलेले डबे तरंगत होते. पाणी उतरल्यावर जात्याच्या दोन दगडांमध्ये पीठ आणि गाळ चुन्यासारखा घट्ट बसला होता, तो छिन्नीनं खरवडावा लागला. मी ऐकत होते. अशा वेळी "झालं गेलं विसरा" म्हणणं सगळ्यात सोपं असतं, आणि ते त्यांना घरी, पारावर, पाव्हण्यांत शंभर वेळा ऐकायला मिळालं होतं. जवळच्या माणसाला आपलं रडणं बघवत नाही, म्हणून तो ते लवकर थांबवायला बघतो. त्यात माया असते, पण गोष्ट अर्धीच राहते. समुपदेशकाला घाई नसते. पाऊण तास फक्त तुमचा असतो. खोलीतलं बाहेर जात नाही. जिवाला धोका दिसला तर अपवाद, आणि तेही आधीच सांगून ठेवलेलं असतं.

तिसऱ्या भेटीत ते थांबून थांबून म्हणाले, "मोटर वाचीवली मी. आई घालीवली."

२०२१ च्या त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत मोटरचे नटबोल्ट काढत होते. ऐंशीच्या पुढची आई वरच्या मजल्यावर होती. रात्रीत पाणी चढलं. दुसऱ्या दिवशी भर पावसात तिला बोटीतून काढलं. हिंडती-फिरती बाई अंथरुणाला खिळली आणि दिवाळीच्या आधी गेली. ती मोटर आजही चालते. स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं की रोज सकाळी तोच विचार. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"तुमची चूक नाही हो," असं मी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्यांनी मान हलवली असती आणि पुन्हा आले नसते. मी तो दिवस तासातासानं सांगायला लावला आणि कागदावर दोन रकाने आखले. त्या दिवशी काय ठाऊक होतं, आणि आज काय ठाऊक आहे. आपला विचार पुराव्यावर घासून बघायची ही रीत अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आरोन बेक यांनी १९६० च्या दशकात बसवली. पहिल्या रकान्यात आलं: २०१९ ला वरच्या मजल्याला पाणी लागलं नव्हतं. आई म्हणाली होती, "मी वर हाय, तू गिरण बघ." रात्रीतलं पाणी, बोटीला झालेला उशीर, दिवाळी, हे सगळं दुसऱ्या रकान्यात गेलं. दादा बराच वेळ कागदाकडं बघत राहिले. "पीठ बघून गव्हाला नावं ठेवतोय मी," म्हणाले. मग रडले. पहिल्यांदाच, आणि पोटभर.

पुढं सगळं सरळ गेलं असं नाही. पाचव्या भेटीला ते आलेच नाहीत. रडलेल्याची लाज वाटली, असं नंतर कळलं. पुरुषांच्या बाबतीत, आणि आमच्या कोल्हापुरात तर जास्तच, हे मला वारंवार दिसतं. लाजेपायी मधेच सोडू नका एवढं मात्र मी कळकळीनं सांगेन. समुपदेशकाशी सूर जुळत नसेल तर दुसरा शोधा. झोप, भूक पार गेली असेल तर मनोविकारतज्ज्ञांची औषधं जोडीला लागू शकतात, त्यात कमीपणा नाही. रात्री-अपरात्री कुणीच नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

दादांच्या अकरा भेटी झाल्या. पातळी बघायची ती सकाळी नऊ आणि संध्याकाळी सहाला, एवढंच ठरवलं. काळजीला संध्याकाळची वीस मिनिटं दिली. रात्री विचार आला की "उद्या पाचला ये" म्हणायचं. ऐकायला पोरकट वाटतं, पण तीन आठवड्यांत त्यांची रात्रीची जाग कमी झाली. आणि पुराची भीती खोटी नव्हतीच, म्हणून तिला कामाला लावलं: इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, तेव्हा कुठल्या फुटाला काय करायचं हे लिहून काढायचं.

तो कागद आता गिरणीत स्टार्टरच्या वर चिकटवलाय. जुलैत ३९ ओलांडलं त्या संध्याकाळी त्यांनी मला त्याचा फोटो पाठवला. ४३ ला मोटर सोडवायची, ४१ ला डबे माळ्यावर. ३९ च्या पुढं त्यांनी लिहिलं होतं, "शेजारच्या आजींना त्यांच्या लेकाकडं पोचवणे." ते मी सुचवलेलं नव्हतं. त्यापुढं पेनानं बरोबरची खूण होती.