येशूसंघाचे जनरल राजीनामा देऊ लागल्यापासून संघाची ओळखच बदलली का? नवा जनरल निवडतात कसा?

ओळख आधी बदलली, राजीनामे मागून आले. (संघ म्हणजे येशूसंघ, जेझुइट फादरांचा कॅथलिक संघ, गैरसमज नको; जनरल म्हणजे त्याचे प्रमुख.)

१९८१ साली मी पुण्यात तत्त्वज्ञान शिकत होतो. फादर व्हायला अजून बरीच वर्षं होती. ७ ऑगस्टला जनरल आरुपे बँकॉकहून रोमला उतरले आणि त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यांनी आपले सहकारी फादर ओ'कीफ यांच्यावर कारभार सोपवला. ऑक्टोबरात पोप दुसरे जॉन पॉल यांनी ओ'कीफना बाजूला सारलं आणि ऐंशीला टेकलेले पाओलो देझ्झा आपले प्रतिनिधी म्हणून बसवले. संघाचा कायदाच गुंडाळून ठेवला. आम्हाला हे रात्रीच्या जेवणावर कळलं. एरवी तिथे नुसता कालवा. त्या रात्री आमटीचं पातेलं सरकवलेलं ऐकू येत होतं. एक म्हातारे जर्मन फादर उठले, ताट धुतलं, "उद्या सहाला मिस्सेची प्रार्थना," म्हणाले आणि झोपायला गेले. सगळ्यांना वाटत होतं जेझुइट बंड करणार. केलं नाही.

वर्षभरात मी बाहेर पडलो. दादा आजही सांगतो, "संघ बिघडला म्हणून आमचा बाळू परत आला." त्याच्या मते १९७५ला संघाच्या ३२व्या महासभेनं श्रद्धेच्या जोडीला सामाजिक न्यायाचं काम घेतलं, तिथंच वाट लागली; फादर बांधबंदिस्ती करत बसले, झगा खुंटीला. साफ चूक. आमच्या नगर जिल्ह्यात स्विस फादर हेर्मान बाखर त्या ठरावाच्या आधीपासून शेतकऱ्यांच्या पाण्यामागे लागले होते. खाली चाललेलंच रोमनं नंतर कागदावर घेतलं.

मी का सुटलो? प्रांताधिकारी (सरकारी नव्हे, संघाचे इथले वरिष्ठ) मला शाळेवर धाडत होते, मला खेड्यात जायचं होतं. आरुपेंनी पोपचं मुकाट ऐकलं, मला प्रांताधिकाऱ्यांचं ऐकवेना. घरी हे कधी सांगितलं नाही, ही माझी चूक.

निवडीचं म्हणाल तर उमेदवार नाही, प्रचाराला बंदी. महासभेला जमलेल्यांनी चार दिवस दोघा-दोघांनी बसून कुजबुजायचं, मग मतदान. पद तहहयात, तरी आरुपेंनी १९८३ला सोडलं, पुढे कोल्व्हेनबाख आणि निकोलास यांनीही. २०१६पासून व्हेनेझुएलाचे सोसा आहेत, युरोपबाहेरचे पहिले.

१९६५ला जेझुइट ३६ हजार होते, आज १५ हजारांच्या आत, हे दादाचं खरं आहे. पण झगा न सोडलेल्या इतर कितीतरी कॅथलिक संघांतही भरती आटलीच की. अर्थात मी चाळीस वर्षं बाहेरून बघतोय, आतल्यांना वेगळं दिसत असेल. गेल्या नाताळात दादानं करंज्या खाता खाता पाहुण्यांना पुन्हा तीच गोष्ट ऐकवली, आणि मी पुन्हा चहा आणायला उठलो.