पेरॉक्साइड मारायचंय, रॅडिकल नव्हे

प्रश्न: सर, मी एमएस्सीला आहे, गोव्यात ताळगावला भाड्यानं राहतो. पाण्यात राफ्ट पद्धतीनं (साखळ्यांची लांबी आवरायला गंधकाचा एजंट घालतात ती) पॉलिमर करतोय. नायट्रोजनचा सिलिंडर संपला म्हणून ऑक्सिजन काढायला ग्लुकोज आणि ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम घातलं. पॉलिमर झालं, पण राफ्ट एजंटचा पिवळा रंग उडाला. मग अँटिऑक्सिडंट म्हणून टेम्पो हे रसायन टाकलं तर रिअ‍ॅक्शनच हलेना. काय चुकलं?

उत्तर: अरे बाबा, टेम्पोचं नाव गाडीचं असलं तरी इथे काम ब्रेकचं. ते वाढत्या साखळीचं टोकच धरून बसतं, आणि तुझी रिअ‍ॅक्शन तर रॅडिकलवरच, म्हणजे जोडीविना इलेक्ट्रॉन असलेल्या टोकावरच चालते. मालीम जेटीवर फायबरच्या होडीला रेझिन लावतात ना, हवेकडचा थर कित्येकदा चिकट राहतो, तोही ऑक्सिजनमुळेच, कारण साखळीच्या टोकाला मोनोमर (साखळीचा पुढचा सुटा दुवा) भेटायच्या आत ऑक्सिजन चिकटतो आणि ते टोक सुस्त पडतं. तुझं एन्झाइम हा ऑक्सिजन खातं हे खरं, पण प्रत्येक रेणूमागे एक हायड्रोजन पेरॉक्साइड मागे ठेवतं, आणि तेच राफ्ट एजंटच्या गंधकाला ऑक्सिडाइझ करतं, म्हणून रंग उडाला. त्यात लोहाचा अंश असला तर फेंटन रिअ‍ॅक्शननं, म्हणजे लोहानं पेरॉक्साइड फोडल्यानं, हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात, ते मध्येच नवीन साखळ्या सुरू करतात. हायड्रॉक्सिल पकडायला जाऊ नकोस, तो समोर येईल त्याला धरतो, त्यापेक्षा पेरॉक्साइडच काढ. (आणि विहिरीचं पाणी वापरत असशील तर बंद कर, आपली लाल माती लोहाचीच, डिस्टिल्ड घे.)

कॅटालेज हे दुसरं एन्झाइम चालेल, पण ते पेरॉक्साइड फोडून अर्धा ऑक्सिजन परत सोडतं, मग ग्लुकोज ऑक्सिडेजला पुन्हा राबावं लागतं. मला सोडियम पायरुव्हेट बरं वाटतं. ते पेरॉक्साइडशी थेट भिडतं, एकास एक, उरतं अ‍ॅसिटेट, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी, ऑक्सिजन परत येत नाही आणि साखळीच्या टोकाला फारसा हात लावत नाही. सेल कल्चर करणाऱ्या लॅबमध्ये मागितलंस तर मिळेल.

२५ अंशांना हवेनं भरलेल्या पाण्यात लिटरला साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, म्हणजे पाव मिलिमोल, पण बाटलीत वर हवा राहिली तर ती उतरत राहते, म्हणून बाटली काठोकाठ भर आणि पायरुव्हेट हिशोबापेक्षा बरंच जास्त घाल. बफर विसरू नकोस, ग्लुकोजपासून होणाऱ्या ग्लुकोनिक अ‍ॅसिडनं पीएच उतरतो. तापवायच्या आधी एन्झाइमला थोडा वेळ दे. आणि हो, टेम्पो परत कपाटात ठेव.