‘लोकांची दुःखं बघ’ म्हटल्याने डिप्रेशन का जात नाही?

धाकट्या भावाला डिप्रेशनवर गोळ्या चालू आहेत, घरचे त्याला ‘लोकांकडे बघ, तुझं काय एवढं?’ म्हणून समजावतात, तरी तो आणखीच गप्प का होतो, असं तुम्ही विचारलंय.

मी स्वतः या आजारातून गेलोय. आमची आत्या नारायण पेठेतली. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा शाळकरी होती. मी अंथरुणात पडून असायचो आणि ती येऊन सांगायची, “अरे, आमचं साधं पातेलं उरलं नव्हतं. घरभर चिखल. आम्ही नाही बाबा असे झोपून राहिलो!” खोटं काहीच नव्हतं त्यात. पुण्यात पानशेतपुढे कुणाचं दुःख टिकणार म्हणा! पण ती गेल्यावर मी काही उठलो नाही. राहिलेली आंघोळ राहिलीच, वर डोक्यात नवा भुंगा: घर आहे, नोकरी आहे, आई ताट हातात आणून देते, आणि आपण हे असे.

विनाकारण अपराधी वाटणं, आपण कुचकामी आहोत असं वाटणं हे या आजाराचं एक लक्षणच आहे. डॉक्टर झोप, भूक, थकवा, कशातच रस नसणं यांच्याबरोबर तेही विचारतात, आणि हे सगळं किमान दोन आठवडे टिकून आहे का ते बघतात. दुःखाला पुरेसं कारण असायला हवं, अशी अट त्यात नाही. तुम्ही देताय धीर, पण खतपाणी नेमकं त्या लक्षणाला मिळतंय.

मग माणूस लपवायला शिकतो. घरी ‘बरंय’, डॉक्टरांकडेही ‘बरंय’. बाहेर बाकावर आपल्यापेक्षा वाईट अवस्थेतली माणसं बसलीत, आपण कशाला वेळ खा, म्हणून फॉलोअप चुकवतो. एक दिवस गोळ्याही परस्पर बंद.

आणि तेव्हाच्या लोकांचं काही बिघडलं नाही, हे तरी कुणी तपासलंय? खडकवासला धरणातून पाण्याचा विसर्ग वाढवल्याची बातमी लागली की आत्या आजही रात्री उठून गॅलरीतून नदीच्या दिशेने बघून येते. ते तिला कधी कुणी विचारलेलं नाही. मीही नाही.

तुम्ही भावाला फार काही समजावू नका. तपासणीला बरोबर जा. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, तेवढ्यात ‘अजून फरक नाही?’ असा तगादा नको. जेवायला हाक मारा. नाही आला तर ताट झाकून ठेवा, टोमणा न मारता. जगणं नकोसं झाल्यासारखं बोलला तर मात्र सरळ विचारा, ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, हा गैरसमज आहे. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. घरच्यांनीही लावला तरी चालतो.