बर्फाचे फोटो काढायला निघालायस तर

पहिल्यांदाच हिमालयात चाललायस ना? कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर बर्फ हमखास करडा करून टाकतं, म्हणून एक्स्पोजर (फोटो किती उजळ यावा ते) +१ वर ठेव. आणि सावल्या निळ्या आल्या म्हणून घरी येऊन त्या ‘दुरुस्त’ करत बसू नकोस (मी केल्यात, सगळा अल्बम वाया गेला). सावलीत ऊन नसतंच, निळ्या आभाळाचा उजेड असतो. ताजा, भुसभुशीत बर्फ पांढरा, कारण कणाकणावरून सगळेच रंग उलटून येतात. हिमनदीच्या भेगेतला बर्फ मात्र घट्ट, त्यात बुडबुडे फार कमी. प्रकाश खोल शिरतो, तांबडा आत जिरतो नि निळा तेवढा बाहेर येतो. भेगेजवळ जाऊ नकोस. साध्या जाड बर्फात काठी खुपसून भोकात डोकाव, तळाशी तीच निळाई दिसेल. ती बघायला गॉगल सावलीत, क्षणभरच काढायचा.