आजी थँक यू का म्हणत नाही?

प्रिय चिऊ,

सुट्टी संपवून डब्लिनला उतरलो आणि विमानतळावरून घरी येताना तू विचारलंस, "मी थँक यू म्हटलं तर आजी चिडली. आणि ड्रायव्हरकाका घाटात कुणासाठी तरी पैसे टाकत होते. असं का?" मी "उद्या सांगते" म्हणाले. त्याला आठ दिवस झाले. रविवारच्या मराठीच्या वर्गासाठी तुला वाचायला काहीतरी हवंच आहे, म्हणून आता लिहूनच काढते. अडेल तिथे विचार.

आधी आजीचं. तिनं तिसरं थालीपीठ तव्यावरून थेट तुझ्या ताटात टाकलं, वर लोण्याचा गोळा ठेवला. तू "थँक यू आजी" म्हणालीस आणि ती म्हणाली, "घरात कसलं गं थँक यू? मी काय हॉटेलवाली आहे?" तुझा चेहरा एवढासा झाला. पण ती चिडली नव्हती गं, तिला जरा लागलं होतं. तिच्या लेखी आभार परक्यांचे मानायचे. नातीनं आभार मानले म्हणजे नातीनं तिला परकं केलं.

शब्दच बघ ना. इंग्रजीत थँक्स देतात, आपण आभार मानतो. दिलं की आपल्या हातून गेलं, मानलेलं मात्र आपल्यापाशीच राहतं. आजी याला जाण म्हणते. "त्याला जाण नाही" असं ती एखाद्याबद्दल म्हणाली की समजायचं, याहून वाईट तिला काही बोलताच येत नाही.

आता घाटातलं. एक्सप्रेसवेवर ट्रॅफिक तुंबलं म्हणून काकांनी खोपोलीहून जुन्या रस्त्यानं गाडी घेतली होती. बोरघाट चढताना रस्त्याकडेला एक छोटं देऊळ लागलं. काकांनी गाडी हळू केली, डॅशबोर्डवरचं नाणं उचलून खिडकीतून टाकलं, हात छातीला लावला, मग कपाळाला, आणि गिअर बदलला. बोलण्यात खंड नाही. ते देऊळ शिंग्रोबाचं. हा कुणी पुराणातला देव नव्हे, गुरं-मेंढरं चारणारा धनगर. सांगतात ते असं, की इंग्रजांना हा सह्याद्री उतरायची वाट सापडेना, ती शिंग्रोबानं दाखवली. बक्षीस काय हवं विचारल्यावर तो म्हणाला, "आमचा मुलूख सोडा." त्यावर त्याला गोळी घातली. कुणी म्हणतं त्यानं रस्त्याची वाट दाखवली, कुणी म्हणतं रेल्वेची. रस्ता १८३० मध्ये खुला झाला आणि रेल्वे १८६३ मध्ये, म्हणजे दोन्हींत तेहतीस वर्षांचं अंतर आहे. तेव्हा ही गोष्ट इतिहास म्हणून पाठ करू नकोस. पण वाट दाखवणाऱ्याची जाण ठेवायची, म्हणून ट्रकवाले आजही तिथे गाडी हळू करतात.

माझी स्वतःची फजिती तुला कधी सांगितली नाही. कोविडमध्ये आजोबा साताऱ्याच्या घरी आजारी होते, विमानं बंद होती. समोरच्या काकूंनी सतरा दिवस दोन वेळचा डबा दाराशी ठेवला. पातळ भात, मुगाचं वरण, कधी दुधीची भाजी. आजोबा बरे झाल्यावर मी इथून ऑनलाइन त्यांना मोठ्या रकमेचं गिफ्ट व्हाउचर पाठवलं, सोबत छापील थँक यू कार्ड. पुढे मी साताऱ्याला गेले तेव्हा काकूंनी निघताना स्टीलचा डबा हातात दिला. उघडला तर वर बेसनाचे लाडू आणि खाली, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून, ते व्हाउचर. म्हणाल्या, "हिशोब मिटवायची एवढी घाई?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नंतर त्यांची मुलगी इथे शिकायला आली. भाड्याची खोली मिळेपर्यंत पाच आठवडे ती तुझ्या खोलीत झोपली. तू किती कुरकुर केलीस, आठवतंय? मला मात्र त्या पाच आठवड्यांत फार बरं वाटत होतं. हिशोब मिटला नव्हता, चालू होता.

पण आपलं सगळं बरोबर आणि इथलं सगळं वरवरचं, असं काही मी म्हणणार नाही. "घरात कसले आभार" हे वाक्य पुष्कळांच्या फार सोयीचं होतं. आजीनं पन्नास वर्षं पोळ्या लाटल्या. आजोबा जेवून हात धुवायला उठायचे, बरं झालंय की नाही एवढंही सांगायचे नाहीत. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना मीही लहानपणी कधी दोन गोड शब्द बोलले नाही. जाण मनात असेलही, पण ती त्यांना दिसणार कशी?

म्हणून इथे बसमधून उतरताना तू ड्रायव्हरला "थँक्स" म्हणतेस ते मला आवडतं. वाईला एसटीतून उतरताना तू कंडक्टरकाकांनाही म्हणालीस. त्यांचा हात घंटीच्या दोरीवर होता. ते थांबले, तुझ्याकडे बघितलं, "सावकाश उतर बाळा" म्हणाले आणि मगच दोनदा टण टण केलं. तिथे ते शब्द अगदी चालले. आजीला मात्र फोनवर सांग, थालीपीठ इथल्या तव्यावर तसं होत नाही, आणि लोण्याची आठवण येते. मग ती काय म्हणते ते बघ.

आणि हो, काकूंचा तो डबा अजून आपल्या वरच्या फळीवर आहे. डबा रिकामा परत करायचा नसतो. डिसेंबरात जाताना त्यात काय भरायचं, ते या वेळी तू ठरव. काकूंना खजूर आवडत नाही, एवढं लक्षात ठेव.

तुझी,
आई