सेल्फीत माझं नाक इतकं मोठं का दिसतं? आरशातला मी खरा की फोनमधला?

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत. आरशात बरा दिसणारा चेहरा सेल्फीत परका का वाटतो, त्यासाठी नाकाची सर्जरी करावी का, आणि फोनमुळे स्वतःची ओळखच बदलते आहे का.

आधी नाक. ‘फोनची वाइड लेन्स चेहरा बिघडवते’ असं दहा जण सांगतील, त्यात गळ्यात कॅमेरा अडकवून फिरणारेही असतील. साफ चूक. चेहरा बिघडतो तो अंतरामुळे.

नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत सुमारे 12 सेंटिमीटर धरा. सेल्फी घेताना फोन नाकापासून 30 सेंटिमीटरवर असेल तर कान 42 वर. म्हणजे कानांच्या तुलनेत नाक 40 टक्के फुगलं. तोच फोन दीड मीटरवर ठेवा: 150 ला 162, फरक 8 टक्के. ‘जामा फेशियल प्लास्टिक सर्जरी’ या नियतकालिकात 2018 साली असाच हिशेब मॉडेल करून छापला गेला. 12 इंचांवरून, म्हणजे सुमारे 30 सेंटिमीटरवरून घेतलेल्या फोटोत चेहऱ्याच्या रुंदीच्या तुलनेत नाकाची रुंदी सुमारे 30 टक्क्यांनी जास्त भरते.

आरशात असं होत नाही, कारण आरसा अंतर दुप्पट करतो. अर्ध्या मीटरवर उभे राहिलात तरी स्वतःला एक मीटरवरून बघता. (वाफ धरलेल्या आरशावर एक डोळा मिटून चेहऱ्याची कड बोटाने गिरवा आणि टेपने मोजा. खऱ्या चेहऱ्याच्या बरोबर निम्मी भरेल, कितीही मागे सरकलात तरी.)

‘पोर्ट्रेटला 85 मिलिमीटरचीच लेन्स हवी, तीच चेहऱ्याला न्याय देते’ म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे, तो इथेच मिटवतो. फोन ट्रायपॉडवर ठेवा, मागचा कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, नाकापासून दीड मीटर, टायमर 10 सेकंद. एक फोटो 1एक्स झूमवर, दुसरा 2 किंवा 3एक्सवर. चेहरा दोन्ही वेळा फ्रेमच्या मधोमध. मग 1एक्सचा फोटो क्रॉप करून दोन डोळ्यांमधलं अंतर दोन्हीकडे सारखं करा. नाक तंतोतंत तेवढंच दिसेल, फक्त तपशील कमी. 85 ची लेन्स समोरचा कमी भाग टिपते, म्हणून फोटोग्राफरला मागे जायला भाग पाडते, एवढंच. श्रेय पायांचं आहे. फ्रेमच्या कडेला वाइड लेन्स डोकं खरोखर ताणते, तेवढा एक दोष मात्र तिच्या पदरात टाका.

चाचणीआधी चेहरा गुळगुळीत करणारा ब्युटी मोड शून्यावर आणा. काही फोनमध्ये तो आधीपासून चालूच असतो, आणि मग तुलना कशाची कशाशी चालली आहे तेच कळत नाही.

दुसरी गोम डाव्या-उजव्याची. तुम्ही जन्मभर उलटा चेहरा बघता, बाकीचे सुलटा. 1977 च्या एका प्रसिद्ध प्रयोगात बहुतेकांना स्वतःचा आरशातल्यासारखा फोटो आवडला, तर त्यांच्या मित्रमैत्रिणींना सुलटा. म्हणजे आवड पडते ती सवयीच्या चेहऱ्याची. गंमत अशी की 1839 मध्ये आलेल्या डॅगेरोटाइपमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या काळातल्या फोटोच्या पद्धतीत, प्रतिमा डावी-उजवी उलटीच उमटायची, त्यामुळे त्या लोकांना फोटोतही ओळखीचा चेहरा भेटायचा. आपल्याला सेटिंगमध्ये जावं लागतं: आयफोनमध्ये ‘मिरर फ्रंट कॅमेरा’, इतर फोनमध्ये त्याच अर्थाचा पर्याय.

लोकांना दिसणारा चेहरा प्रत्यक्ष हलताना बघायचा असेल तर दोन सपाट आरसे कडेला कड लावून काटकोनात उभे करा. कोन गुण्याने तपासा. एका अंशाची चूक झाली तरी दोन अर्ध्या प्रतिमा दोन अंशांनी सरकतात आणि नाक मधोमध चिरल्यासारखं किंवा गिळल्यासारखं दिसतं. साध्या आरशात चकाकी काचेच्या मागे असते, म्हणून सांध्याची रेघ चेहऱ्यावर येणारच. पहिली पाच मिनिटं भांग विंचरू नका, हात हमखास चुकीकडे जातो.

आता ओळख. माझं मत: डोक्यातला ‘मी’ सर्वांत जास्त वेळा बघितलेल्या चेहऱ्यावरून बनतो. पूर्वी तो मीटरभरावरचा आणि उलटा होता. आता काहींसाठी तो हातभरावरचा, थांबलेला आणि गुळगुळीत केलेला झाला आहे. आवाजाचंही तेच. बोलताना आपला आवाज हाडांतूनही कानात पोचतो, रेकॉर्डिंगमध्ये तो भाग गळतो, म्हणून तो आवाज पातळ आणि परका वाटतो. पण रोज स्वतःची व्हॉइस नोट ऐकणाऱ्याला काही दिवसांत तो आपलाच वाटू लागतो. व्हिडिओ कॉलवर तास-तास स्वतःकडे बघत बसण्यापेक्षा ‘हाइड सेल्फ व्ह्यू’ दाबा.

‘खरा कोणता’ याला माझ्याकडे उत्तर नाही. प्रत्येक चेहरा कुठून तरी बघितलेला असतो. लोक तुमच्याशी दीड मीटरवरून बोलत असतील तर त्यांना दिसतो तो दीड मीटरवरचा.

एक राहिलं. हा हिशेब कळूनही दिवसातले तास चेहरा तपासण्यात जात असतील किंवा त्यापायी बाहेर जाणं टळत असेल, तर टेप आणि ट्रायपॉडचा उपयोग नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. आणि सर्जनकडे जायचंच ठरवलं तर सेल्फी दाखवू नका. दीड मीटरवरून काढलेले समोरचा, तिरका आणि बाजूचा असे फोटो न्या, ब्युटी मोड बंद ठेवून.